चाकावरचा माणूस

पहिली कळ आली तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. उजव्या कुशीत मागच्या बाजूला काहीतरी आवळलं आणि मी उठून बसेपर्यंत ते ओटीपोटात उतरलं. बसवेना, निजवेना, उभंही राहवेना. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मुलगा उठून आला, ‘आई, कुठं दुखतंय?’ म्हणाला, आणि मी त्याच्यावर खेकसले. काय बोलले ते मला आठवत नाही. त्याला आठवतं, पण तो सांगत नाही.

सकाळी दवाखान्यात इंजेक्शनचा गुण आल्यावर पडल्यापडल्या मला एक पत्र आठवलं. इ.स.पूर्व २७० मध्ये अथेन्सला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच दुखण्यानं गेला. खड्यानं लघवी अडली, चौदा दिवस हाल झाले, आणि शेवटच्या दिवशी त्यानं इडोमेनियस या मित्राला चार ओळी लिहिल्या. आशय असा: आज माझ्या आयुष्यातला धन्य दिवस आहे आणि शेवटचाही. लघवीच्या आणि आतड्यांच्या वेदना याहून वाढूच शकणार नाहीत इतक्या आहेत. पण आपण केलेल्या गप्पांची आठवण मनात आहे, आणि तिचा आनंद मी या सगळ्या वेदनांसमोर उभा केला आहे.

माझ्या प्रतीत या ओळींशेजारी समासात पेन्सिलीनं ‘सुंदर’ असं लिहिलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर. घरी आल्यावर मी ते पान काढलं आणि खोडरबर हातात घेतलं. खोडलं नाही, पण बराच वेळ पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. वेदना कशाला म्हणतात हे ठाऊक नसताना मी ‘सुंदर’ म्हणून मोकळी झाले होते.

मी गणित शिकवते. ग्रीक नीतिविचार हा माझा विषय नव्हे. गेली एकोणीस वर्षं रात्री कामं आटोपली की तासभर वाचते आणि वहीत लिहून ठेवते, एवढंच. पण त्या कळेनंतर वह्यांमधला एक प्रश्न असा वर आला की बाकीचं सगळं बाजूला ठेवावं लागलं. प्रश्न जुना आहे आणि ग्रीकांनी तो सतत एकाच चित्रातून विचारला: चांगल्या माणसाला छळाच्या चाकावर बांधून पिळवटलं, तर तो त्या क्षणीही सुखी असतो का?

आधी ‘सुखी’ या शब्दाकडे बघायला हवं, कारण घोटाळा तिथंच होतो. ग्रीक शब्द आहे युडायमोनिया. मराठीत त्याला सुख किंवा आनंद म्हणतात. पण सुख वाटतं, आनंद होतो. युडायमोनिया वाटतही नाही आणि होतही नाही. ‘मी सकाळी युडायमोन होते, दुपारी नव्हते’ असं ॲरिस्टॉटल कधी म्हणू देणार नाही. एका पाकोळीनं वसंत येत नाही आणि एका दिवसानंही येत नाही, हे त्याचं वाक्य याच संदर्भातलं आहे. शब्दाची फोड केली तर ज्याच्या पाठीशी चांगला दैवी रक्षक आहे तो युडायमोन. मला आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा शब्द ‘सार्थक’ वाटतो. अमक्याच्या जन्माचं सार्थक झालं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याला त्या घडीला कसं वाटत होतं याबद्दल आपण बोलत नसतो. अख्ख्या आयुष्याबद्दल बोलत असतो.

दुसरा शब्द आरेते. याला सद्गुण म्हणतात, आणि सद्गुण म्हटलं की डोळ्यांसमोर नम्र, सालस, मान खाली घालून चालणारं माणूस येतं. आरेते तर घोड्यालाही असते: नीट धावणं, स्वाराला सांभाळून नेणं, शत्रू समोर आला तरी न बिचकणं. डोळ्याची आरेते म्हणजे स्वच्छ दिसणं. प्लेटोनं द्राक्षवेल छाटायच्या कोयत्याचं उदाहरण घेतलं आहे. वेल दुसऱ्या पात्यानंही कापता येईल, पण जे काम तो कोयता करतो ते दुसरं पातं तितकं चांगलं करणार नाही. म्हणजे आधी काम काय ते ठरवायचं, मग ते उत्तम करण्याची क्षमता ही आरेते. माणसाचं काम काय? ॲरिस्टॉटलचं उत्तर: विवेकानं जगणं. ते उत्तम रीतीनं, पूर्ण आयुष्यभर करत राहणं म्हणजे युडायमोनिया. धैर्य, न्याय, संयम, शहाणपण हे सुखाकडे जायचे रस्ते नव्हेत. त्या रस्त्यानं चालणं हेच ते. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी झोपले नव्हते, कारण तोवर मी चांगुलपणाकडे भरायच्या हप्त्यांसारखं बघत होते: आज भरा, सुख मागाहून मिळेल.

पण एकदा हे मान्य केलं की चाकावरचा माणूस पुढं येतोच. चांगलं जगणं हेच सुख असेल, आणि चांगुलपणा कुणी हिरावून घेऊ शकत नसेल, तर सुखही कुणाला हिरावून घेता येऊ नये.

सॉक्रेटिस नेमकं हेच म्हणाला. इ.स.पूर्व ३९९ मध्ये, सत्तरीत, मृत्युदंड सुनावला गेल्यावर तो न्यायसभेला सांगतो की चांगल्या माणसाचं जिवंतपणी किंवा मेल्यावर काहीच वाईट होऊ शकत नाही. प्लेटोच्या ‘गॉर्गियास’मध्ये पोलस नावाचा तरुण त्याला विचारतो, की सत्ता बळकावायला निघालेला एक माणूस पकडला गेला, त्याला पिळवटलं, डोळे जाळले, बायकामुलांचे हाल त्याच्यादेखत केले, दुसरा तेच करून निसटला आणि राजा झाला. यांत सुखी कोण? सॉक्रेटिस म्हणतो, दोघांतला कुणीच सुखी नाही, पण निसटला तो जास्त दुर्दैवी. पोलस हसतो. सॉक्रेटिस त्याला विचारतो की हसणं ही खंडनाची नवी पद्धत आहे का. मला हा प्रसंग फार आवडतो, पण यात चाकावरचा माणूस स्वतः अपराधी आहे, त्यामुळं खरा प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही. तो ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात प्लेटोचा सख्खा भाऊ ग्लॉकॉन विचारतो. माणूस पूर्ण न्यायी आहे, पण जगात त्याची ख्याती अन्यायी म्हणून आहे. त्याला फटके मारतील, चाकावर ताणतील, बेड्या घालतील, डोळे जाळतील आणि शेवटी सुळावर चढवतील. आता सांग, न्यायानं वागण्यात त्याला काय मिळालं? पुढचे आठ भाग सॉक्रेटिस या एका प्रश्नाला उत्तर देतो आहे.

ॲरिस्टॉटल मात्र इथं आपल्या गुरूची, प्लेटोची, साथ सोडतो. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या भागात तो लिहितो की चाकावर पिळवटला जाणारा किंवा मोठमोठ्या आपत्तींत सापडलेला माणूस चांगला असला की सुखीच असतो, असं म्हणणारे जाणूनबुजून किंवा नकळत निरर्थक बोलत असतात.

कितीतरी वर्षं मला हे वाक्य खटकत होतं. सुस्थितीतल्या माणसाचं व्यवहारी बोलणं वाटायचं. वहीत मी लिहिलंही होतं, ‘इथं ॲरिस्टॉटल कमी पडतो.’ मग हर्मायसची गोष्ट वाचनात आली आणि ते मत गळून पडलं.

हर्मायस हा आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या अटार्नियसचा सत्ताधीश. इ.स.पूर्व ३४७ मध्ये प्लेटो वारला, ॲरिस्टॉटलनं अथेन्स सोडलं, तेव्हा त्याला आसरा दिला तो यानं. त्याच्याच घरातल्या पिथियास या मुलीशी ॲरिस्टॉटलचं लग्न झालं. इ.स.पूर्व ३४१ च्या सुमाराला पर्शियाच्या मेंटॉर या सेनापतीनं हर्मायसला दगा देऊन पकडलं आणि सम्राटाकडे पाठवलं. तिथं त्याचा छळ करून त्याला ठार मारलं. त्यानं मित्रांना शेवटचा निरोप धाडला तो एवढाच, की तत्त्वज्ञानाला न शोभणारं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही.

ॲरिस्टॉटलनं या मित्राचं स्मारक डेल्फीला उभारलं आणि त्याच्यासाठी एक स्तोत्र रचलं. ते स्तोत्र कुठल्या देवाचं नाही, आरेतेचं आहे. तू मर्त्यांना फार कष्टानं मिळतेस, तुझ्या रूपासाठी मरण पत्करणं आणि असह्य हाल सोसणं हे ग्रीसमध्ये भाग्य समजतात, असं तो तिला म्हणतो. हेराक्लीस आणि अकिलीस या वीरांच्या रांगेत तो हर्मायसला बसवतो. पुढं इ.स.पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर वारल्यावर अथेन्सनं ॲरिस्टॉटलवर धर्मद्रोहाचा आरोप ठेवला, तोही या रचनेवरून: माणसासाठी देवाचं स्तोत्र रचलं म्हणून. तो काल्किसला निघून गेला आणि वर्षाच्या आत तिथं वारला.

आता तीच दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून बघा. हालांत मेलेल्या मित्राची आरेते अमर आहे, असं गाणारा हा माणूस आहे. आणि चाकावरचा चांगला माणूस सुखी असतो असं म्हणू नका, असं बजावणाराही हाच. मला यात विसंगती दिसत नाही. मला यात मैत्री दिसते. हर्मायस थोर होता, हे तो छातीठोकपणे सांगतो. पण ‘तो तिथंही सुखात होता’ असं म्हणून स्वतःची समजूत घालून घेत नाही. मित्राच्या हालांना तो हालच म्हणतो.

त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात याचीच मांडणी आहे. तिथं तो अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याची गोष्ट उचलतो. लिडियाच्या क्रोसस राजानं आपलं भांडार दाखवून सोलोनला विचारलं होतं, जगात सर्वांत सुखी कोण? सोलोननं टेल्लस या अथेन्सच्या साध्या नागरिकाचं नाव घेतलं, मुलंनातवंडं बघून शहरासाठी लढताना मेलेला. मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये, हा त्याचा मुद्दा. पुढं क्रोससचा मुलगा शिकारीत गेला, राज्य गेलं. ॲरिस्टॉटल विचारतो, मग सुखी म्हणवून घ्यायला मरायलाच हवं का? नाही. पण ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम घ्या, पन्नास मुलांचा बाप, डोळ्यांसमोर सगळं भस्म झालेला. प्रायमसारखी वेळ आलेला चांगला माणूस ‘आथ्लिओस’, म्हणजे हीनदीन, कधीच होणार नाही, कारण तो नीच काही करणार नाही. पण त्याला ‘माकारिओस’, म्हणजे धन्य, असंही म्हणता येणार नाही. या दोन शब्दांच्या मधली ती जागा मला आता फार मोलाची वाटते. मोठ्या आपत्तींतूनही त्याचं चांगलेपण झळकत राहतं, असं तो म्हणतो. झळकतं, पण आपत्ती आपत्तीच राहते.

त्यानं वापरलेला एक शब्द मला नेहमी थांबवतो. पुरेशी साधनं नसतील तर चांगली कृत्यं करणं अशक्य किंवा अवघड, हे सांगताना तो ‘खोरेगिया’च्या अंगानं बोलतो. अथेन्सच्या नाट्योत्सवात गायकवृंदाचा खर्च एका धनिक नागरिकावर सोपवला जायचा, त्याला खोरेगोस म्हणत. पोशाख, तालीम, सगळं त्याचं. म्हणजे आरेते हा आपला प्रयोग. पण मित्र, आरोग्य, थोडा पैसा, मुलांचं असणं, हा खर्च दैव उचलतं. उचललं नाही तर उत्तम नटही उघड्यावर उभा राहतो.

इथवर माझी वही आली होती. त्या आजारपणानंतर महिनाभरानं मी हे सगळं एका मैत्रिणीला ऐकवलं. ती भूलतज्ज्ञ आहे. माणसांच्या वेदना उतरवणं हेच तिचं तीस वर्षांचं काम. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण चाकावर खरोखर कोण असायचं?’

या प्रश्नाला मी तयार नव्हते. माझ्यासाठी ते चाक म्हणजे गणितातल्या ‘समजा क्ष’सारखं होतं. मग मी शोधू लागले, आणि जे मिळालं ते वाचून दोन दिवस मला पुस्तक उघडवेना. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष सहसा एकाच अटीवर ग्राह्य धरली जायची: ती छळ करून काढलेली असली पाहिजे. नागरिकाला चाकावर चढवायला कायद्यानं बंदी होती. स्कामांद्रियसच्या ठरावाचा तसा उल्लेख आहे. गुलामाला बंदी नव्हती. या प्रकाराला म्हणत बासानोस. त्या शब्दाचा मूळ अर्थ कसोटीचा दगड, ज्यावर घासून सोन्याचा कस बघतात. वक्ते न्यायसभेत सांगायचे की याहून विश्वासार्ह पुरावा नाही. ॲरिस्टॉटलनं आपल्या ‘वक्तृत्वशास्त्रा’त लिहून ठेवलं आहे की हालांखाली माणूस खरं बोलतो तितकंच खोटंही बोलतो. एवढं त्याला दिसलं होतं. आणि त्याच माणसानं ‘राज्यशास्त्रा’त लिहिलं आहे की गुलामांचं राज्य होऊ शकत नाही, कारण युडायमोनियात त्यांना वाटाच नाही.

मी हे वाचून मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘म्हणजे जो चाकावर होता, त्याच्या सुखाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.’

नाही विचारला. ग्लॉकॉनचा न्यायी माणूस, पोलसचा अपराधी, ॲरिस्टॉटलचा चांगला माणूस, हे सगळे ज्या चाकावर मनानं चढवले गेले, त्यावर देहानं चढलेल्यांची नावं या ग्रंथांत नाहीत. मला ॲरिस्टॉटल प्रिय आहे, म्हणूनच ही गोष्ट मला सौम्य करून सांगता येत नाही. काळच तसा होता, असं म्हणणारेही भेटतात. पण त्याच काळात गुलामी निसर्गाविरुद्ध आहे, ती फक्त बळानं टिकते, असं म्हणणारी माणसं अथेन्सच्या आसपास होती. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं तेही ॲरिस्टॉटलनं खोडायला म्हणून नोंदवल्यामुळं.

मग मी स्टोइक या पंथाच्या तत्त्वज्ञांकडे वळले, कारण त्यांनी ती भिंत तरी पाडली. त्यांच्या लेखी विवेक गुलामालाही आहे, स्त्रीलाही आहे, परक्यालाही आहे. सायप्रसमधल्या सिटियमचा झेनो इ.स.पूर्व ३०० च्या सुमाराला अथेन्सच्या चित्रांच्या ओसरीत, स्टोआत, शिकवू लागला. आरेते तेवढी चांगली; आरोग्य, पैसा, कीर्ती ही चांगलीही नाहीत आणि वाईटही नाहीत. आरोग्य निवडावं हे खरं, पण ते गेलं म्हणून सुख जात नाही. वेदना हे वाईट नव्हे. मग चाकावरचा शहाणा माणूस सुखीच.

या झेनोचा एक शिष्य होता, काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लियाचा डायोनिसियस. तो बरीच वर्षं हे शिकला आणि मग आजारी पडला. रोमन लेखक सिसेरोनं एका ठिकाणी दुखणं मूत्रपिंडाचं सांगितलं आहे, दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांचं. कळा सोसत तो ओरडला की वेदनेबद्दल मी आजवर जे मानलं ते खोटं आहे. सहाध्यायी क्लिॲन्थिसनं विचारलं, मत बदलण्याचं कारण काय? त्याचं उत्तर असं: एवढी वर्षं तत्त्वज्ञानाला देऊनही जर मला वेदना सोसवत नसेल, तर वेदना वाईट आहे याचा तो पुरेसा पुरावा आहे. मी तर एवढी वर्षं दिली आहेत, आणि मला सोसवत नाही. तेव्हा वेदना वाईट आहे. त्यावर क्लिॲन्थिसनं पाय आपटून एका नाटकातली ओळ म्हटली, ‘ऐकतोस ना, ॲम्फिअराउस, तिथं जमिनीखाली?’ ॲम्फिअराउस हा धरणीनं गिळलेला द्रष्टा. रोख अर्थात वारलेल्या झेनोवर. डायोनिसियसला पुढं नावच पडलं, मेटाथेमेनोस, म्हणजे पक्ष बदललेला.

त्याच्या बोलण्याची ठेवण गणिताच्या सिद्धतेसारखी आहे, म्हणून मी ती फळ्यावर मांडावी तशी वहीत मांडली. स्टोइक लगेच म्हणतील की तो शहाणा झालेलाच नव्हता, त्यामुळं हे प्रतिउदाहरण लागू नाही. पण त्यांचा खरा शहाणा माणूस फिनिक्स पक्ष्याइतका दुर्मिळ. स्वतः झेनोही तो दावा करत नाही. ज्या विधानाला प्रतिउदाहरण कधी सापडूच शकत नाही, त्याच्या खरेपणाबद्दल मला शंका येते. आणि डायोनिसियसनं जे केलं ते मला पक्षांतर वाटत नाही. आपला देह साक्षीला उभा करून, अनेक वर्षांचं मत सगळ्यांसमोर मागं घेणं याला फार मोठी सचोटी लागते. क्लिॲन्थिस त्याच्या अंथरुणाशेजारी उभा होता आणि पाय आपटत होता. त्या दृश्यात मला कुणाच्या बाजूला बसायचं आहे हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

उलट टोकाचे दाखलेही आहेत, ते लपवणं बरोबर नाही. ऱ्होड्समध्ये पॉसिडोनियस हा स्टोइक संधिवातानं अंथरुणाला खिळला होता तेव्हा रोमचा सेनापती पॉम्पी त्याला भेटायला आला. त्यानं पडल्यापडल्या व्याख्यान दिलं आणि कळ आली की म्हणायचा, ‘वेदने, तू कितीही छळ, तू वाईट आहेस असं मी कबूल करणार नाही.’ आणि पुढं इसवी सनाच्या पहिल्या शतकात एपिक्टेटस हा स्टोइक होऊन गेला, जन्मानं गुलाम, पायानं अधू. मालक पाय पिरगाळत असताना तो शांतपणे म्हणाला, ‘मोडेल’. मोडल्यावर म्हणाला, ‘सांगितलं नव्हतं का?’ ही कथा ओरिजेन या ख्रिस्ती लेखकानं नोंदवली आहे. कथा खरी असो वा मागून रचलेली, एपिक्टेटस जे शिकवत होता ते त्याला चाकाच्या त्या बाजूनं दिसलेलं होतं. देह तुमच्या ताब्यात घ्या, माझा निर्णय माझा आहे, हे वाक्य त्याच्या तोंडी लखलखतं. तेच वाक्य मालकाच्या तोंडी घालून बघा. काळजाचा थरकाप होतो.

मैत्रीण म्हणाली ते मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे: ‘मी सुखी आहे, असं चाकावरचा म्हणाला तर मी मान खाली घालून ऐकेन. बाजूला उभा असलेला म्हणाला तर त्याला आधी बाहेर काढीन.’

ऑगस्टमध्ये मला दुसऱ्यांदा खडा झाला. या वेळी मी एपिक्युरसचा उपाय करून बघायचं ठरवलं होतं. त्याचं म्हणणं असं की तीव्र वेदना फार काळ टिकत नाही आणि दीर्घ दुखण्यात सुखाला जागा उरते. मुतखड्याची कळ लाटेसारखी येते, हे त्याला माहीत असणारच. लाट ओसरली की चारपाच मिनिटं मिळायची. त्यांत मी मैत्रिणीबरोबरचं एक जुनं बोलणं आठवू लागले, मैत्री आरेतेशिवाय होते का यावर रात्री एकपर्यंत चाललेलं. तिचं वाक्य आठवलं, तिचा हात हलवण्याचा लकबही आठवला. खरोखर बरं वाटलं. मग लाट आली आणि सगळं पुसलं. लाटेत आठवण नसते. तिथं कुणीच नसतं. मग पुन्हा ओसरली आणि ते बोलणं, जिथं सोडलं होतं तिथून थोडं मागं, पुन्हा सापडलं. पहाटेपर्यंत असं चाललं होतं. म्हणजे उपाय खोटा नाही. पण ‘समोर उभा केला आहे’ हे क्रियापद किती कष्टाचं आहे ते मला कळलं. ती वेदना वजा होत नाही. तिच्यासमोर काहीतरी धरून ठेवायचं, ते हातातून निसटतं, आणि पुन्हा उचलायचं.

बरी झाल्यावर मी ते पत्र पुन्हा काढलं. पहिल्या ओळीतला ‘धन्य’ हा शब्द मूळ ग्रीकमध्ये माकारिओसचंच रूप आहे, जो ॲरिस्टॉटलनं प्रायमला नाकारला होता. एपिक्युरस तो स्वतःच्या शेवटच्या दिवसाला लावतो. अकरा वर्षांपूर्वी मी तिथंच थांबले असणार, कारण समासातला शब्द त्या ओळीशी आहे. पण पत्र तिथं संपत नाही. आणखी एक वाक्य आहे: लहानपणापासून तू माझ्यावर आणि तत्त्वज्ञानावर जो जीव लावलास त्याला साजेसं वाग, आणि मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे.

मेट्रोडोरस हा एपिक्युरसचा जिवाभावाचा सोबती, त्याच्याआधी काही वर्षं वारलेला. त्याच्या मुलाचं नावही एपिक्युरसच होतं. मृत्युपत्रात या पोरक्या मुलांची तजवीज कलमवार केली आहे. एपिक्युरसचा शिष्य हर्मार्कस याच्याजवळ राहून मुलगा शिकेल तोवर त्याचा खर्च चालवावा, मुलगी वयात आली की तिचं लग्न करून द्यावं, दर वर्षी किती रक्कम लागेल ते हर्मार्कसच्या सल्ल्यानं ठरवावं. त्याच मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं आहे: मिस, निकियास, लिकॉन आणि फेड्रियम नावाची एक स्त्री. ज्याच्या तत्त्वज्ञानात सुखोपभोग हेच अंतिम चांगलं, आरेते त्याची सोबतीण, त्या माणसाला लघवी अडलेली असताना, शेवटच्या दिवशी, दुसऱ्याच्या मुलांची आठवण होती. मला त्या रात्री माझा मुलगा समोर उभा असूनही दिसत नव्हता.

‘सुंदर’ मी अजून खोडलेलं नाही. पेन्सिलीला टोक करून त्या शब्दापासून एक बाण काढला आणि तो खाली, मुलांच्या ओळीपर्यंत नेला.